तिसऱ्या मजल्यावरची गुलबक्षी

मी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवते. करणी, तळतळाट, अंगात येणं... असले विषय स्टाफरूममध्ये निघाले की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण जे पाहिलं ते भर दुपारी, चष्मा लावून पाहिलंय.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, धुळ्याला देवपुरात दिलेली. नवरा विलास, त्याचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. अक्काला मूल झालं नाही. घरामागच्या चिंचोळ्या पट्टीत तिने झाडं लावली — कर्दळ, अबोली, क्रोटन आणि भिंतीलगत गुलबक्षी. अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी फुलं. बी आमच्या असोद्याच्या घरचं. लहानपणी उन्हं कलली, गुलबक्षी उमलली की आम्ही फुलामागची हिरवी गाठ अलगद ओढायचो. आत दोरा लांबतो. ती गाठ कानात खोचायची, खाली फूल डुलतं. मग कुणाचं डूल जास्त लांब यावरून आरशासमोर मारामारी.

विलासला दुसरं लग्न करायचं होतं. अक्का घर सोडेना. एका दुपारी त्याने संडास धुवायचं अॅसिड आणलं आणि तिच्यादेखत एकेका झाडाच्या मुळाशी ओतलं. गुलबक्षीपाशी ती आडवी गेली, तर तिच्या दोन्ही हातांवर उडालं. त्याने बाटली रिकामी करूनच खाली ठेवली.

त्याच दिवशीच्या एसटीने ती माझ्याकडे आली. हातांना ओली फडकी गुंडाळलेली.

"झाडांनी काय केलं होतं गं त्याचं?" एवढंच म्हणाली. पोलिसांत जाऊ म्हटलं तर नको म्हणाली.

ती माझ्याकडेच राहिली. पुढे किडनीचं दुखणं निघालं आणि ती गेली. विलास मातीलाही आला नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी चहा ठेवताना, गॅससमोर उभी राहून, त्याचं वाईट चिंतायचे. अगदी नेमाने.

मधल्या काळात त्याने ते घर विकलं, ज्योती नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हे सगळं कानावर यायचं. मग गेल्या वर्षी एकदम त्याचाच फोन.

"ताई, एकदा धुळ्याला या. तुम्ही झाडांचं शिकवता ना... काहीतरी बघायचंय."

मी का गेले? खरं सांगते, आवाज रडवेला होता म्हणून गेले. तो रडताना कसा दिसतो ते मला बघायचं होतं.

दार त्याच्या म्हाताऱ्या आईने उघडलं. माझा हात धरून ती हळूच अहिराणीत म्हणाली, "तिना तळतळाट शे हाऊ. ज्योती माहेरी चालनी गई. बठ्ठं घर पाह्यं आम्ही, माती नही, कुंडी नही..."

हॉलमध्ये विलास खुर्चीत बसला होता आणि खुर्चीच्या पायापाशी, दोन टाइल्सच्या फटीतून, गुलबक्षी आली होती. चांगली गुडघाभर. दुसरी त्याच्या पलंगाखाली. दाराशी त्याची चप्पल पडलेली, तिच्या अंगठ्यातून दोन पानं वर आलेली. दुकानातही गल्ल्याच्या फळीतून उगवते म्हणाला. आईच्या खोलीत, स्वयंपाकघरात — कुठेच नाही. तो जिथे बसायचा-झोपायचा तिथेच.

मी सवयीने कारणं शोधायला लागले. त्याने एक टाइल आधीच फोडून ठेवली होती. खाली नुसतं सिमेंट, कोरडं ठणठणीत. त्यावर मुळं पसरलेली. बी कुठून आलं असेल, हे एक वेळ सांगता येईल. ते झाड जगत कशावर होतं, हे मला सांगता येईना.

"उपटत का नाही?" मी विचारलं.

त्याने हात पुढे केले. मनगटापर्यंत कातडी सोललेली, लाल, पाणी सुटलेलं. "हात लावला की असं होतं. डॉक्टर अॅलर्जी म्हणतात."

असे हात मी आधी पाहिले होते. धुतले होते. मलम लावलं होतं.

मी वाकून एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं. मला काही झालं नाही. ते बघून तो खुर्चीतून खाली, जमिनीवरच बसला.

"ताई, तुम्ही तिची सख्खी बहीण. तुमच्या हाताने उपटून न्या. मी चुकलो... पाया पडतो."

एव्हाना उन्हं कलली होती. आमच्यासमोर एक कळी उलगडली. अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी. अशी गुलबक्षी गावोगाव असते, हे मला माहीत आहे. तरी माझा हात कानाकडे गेला.

उपटणं अवघड नव्हतं. एक हिसका दिला असता तर निघाली असती, आणि कदाचित तो सुटलाही असता. म्हातारी पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती. तिने मला पाणी दिलेलं, तो तांब्या तसाच भरलेला होता. मी तो उचलला आणि झाडाच्या मुळाशी सावकाश ओतला. पूर्ण.

"येते, जिजाजी," म्हटलं आणि जिना उतरले.

नंतर कळलं ते असं. त्याने दुकान विकलं आणि सुरतेला भावाकडे गेला. तो गेल्यावर फ्लॅटमधली झाडं आपोआप वाळली. म्हातारी तिथे सुखाने राहते, फरशीवर एक पान नाही. मी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारून पाहिलं. कुणी पक्षी म्हणालं, कुणी वाळूतून आलेलं बी म्हणालं, कुणी त्वचारोगाचं लांबलचक नाव सांगितलं. प्रत्येकाचं म्हणणं एकेका गोष्टीला लागू पडतं, सगळ्याला मिळून पडत नाही. माझ्याकडे तरी दुसरं काही सांगायला नाही.

मे महिन्यात सुरतेहून त्याच्या भावजयीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, भावजींचे हात फार वाईट झालेत हो. आणि आमच्या घरात कसली तरी झाडं... तुम्ही एकदा येऊन जाल का?"

मी म्हटलं, कॉलेजला सुट्टी मिळत नाही.

सुट्टीच चालू होती.