हिरड्यावरनं पडलो तवापासनं

"टोपली ठेव खाली. तुझ्या हातचं बी उगवायचं न्हाई."

पाटील असं म्हनला तवा माझी मूठ भाताच्या बियानं भरलेली व्हती. रोहिनीची धूळवाफ, पावसाआधीची कोरडी पेरनी. राब, म्हंजी भाताच्या रोपाची जागा, भाजून काळा पडलेला. आमी ठाकर, डोंगरावरच्या वाडीतले. पन पाटलाच्या राबात बी मीच फेकायचो, आठ सालं. ह्याच्या हातनं बी एकसारखं पडतं, असं पाटीलच गावभर सांगायचा. आनि आता तोच छत्री टेकून बांधावर उभा, आनि पंधरा मानसं बघत्यात.

मी म्हनलं, "काय झालं, पाटील?"

"मलाच इचारतोस? वाडीला इचार. खच्ची झालायस तू. खच्ची हातानं बी पेरतोस व्हय माझ्या शेतात?" मग माझ्या बायकोकडं बघितलं. वरपासनं खालपर्यंत. म्हनला, "जमीन बरी हाय की. उगा पडीक ठेवलीस."

मानसं हसली. बायाबी हसल्या, तोंडाला पदर लावून. माझी बायको कुदळीनं ढेकळं फोडत व्हती, ती फोडतच राहिली. मी टोपली ठेवली. मूठ उघडून बी टोपलीत सोडलं. एक दाना खाली पडू दिला न्हाई, इतका मी गुनाचा! पाटलाच्या बोलन्याची किळस आली ती आलीच, पन त्या दिवशी माझीच मला जास्त शिसारी आली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन-तीन सालं आधीची ही गोष्ट. आता नीट सांगतो.

आदल्या उन्हाळ्यात पाटलानं मला बाळहिरडा, औषधाला इकत्यात ती हिरड्याची कवळी फळं, काढाय लावलता. रानातली झाडं ओरबाडून झाली, तरी त्याची पोती भरंनात. म्हनला, "देवराईत चढ." देवराईतल्या झाडाला आमी हात लावत न्हाई. वाळकी काटकीसुदिक घरी आनत न्हाई. मी म्हनलं, "पाटील, ते देवाचं हाय." तो म्हनला, "देवाचं मी बघतो. तू चढ."

चढलो. फांदी कडाडली आनि मी दगडावर, पाठीवर. पंधरा दिवस उठून बसाय आलं न्हाई. मग चालाय लागलो, वझं उचलाय लागलो. पन ते गेलं ते गेलंच. बायकोजवळ निजलो की कायच न्हाई. ताठायचं न्हाई, कळायचंबी न्हाई. मी कुशीवर वळायचो. ती काय बोलायची न्हाई, मीबी न्हाई.

आईला संशय आला. आई भगताकडं गेली, भगत पाटलाकडं गेला. पाटील म्हनला, "देवराईत चढलाय तो. देव कोपला." चढाय कोन लावलं, ते म्हनला न्हाई. मीबी म्हनलो न्हाई. त्याच्या शेतावर आमची चूल पेटायची. आनि खरं सांगू? मला पटलंच व्हतं. देवाचं झाड मी मोडलं, देवानं माझं मोडलं. आमच्या वाडीत लहान पोरगंबी असंच सांगंल.

भगतानं काय केलं ते सांगताना अजून तोंड कडू व्हतं. देवराईम्होरं, चार मानसांत, लंगोटी सोडाय लावली. घोरपडीची चरबी चोळली. उरली ती पाजली. वर कोंबड्याचं रगत. मी भडाभडा वकलो तर म्हनला, "बघा, पाप भाईर पडतंय." ती चार मानसं वाकून बघत व्हती. काय बघायचं व्हतं मेल्यांना, देव जाने! त्यातलाच एक खाली गावात जाऊन सांगत सुटला.

हिवाळ्यात पाटलानं मला गोठ्यात बोलावलं. दुसरं कुनी न्हवतं. म्हनला, "सफेद मुसळीचा कंद ठावं हाय ना? खनून आन. दुधातनं घेतला की मर्दानगी येती म्हनत्यात. तूबी खा."

मला वाटलं, मानसाला दया आली. दोन दिवस डोंगर उकरला. कंद सोलले, वाळवले, कुटले. पाटलानं अर्धी भुकटी ठेवून घेतली. म्हनला, "एका पाव्हन्याला पाहिजे."

मग दर आठ दिवसांनी गोठ्यात बोलवनं. आवाज बारीक करून इचारायचा, "काय फरक?"

"न्हाई, पाटील."

"खातोस का न्हाई रोज?"

"खातो की."

"मग?"

"न्हाई."

त्याचं तोंड उतरायचं. चार-पाच येळा असं झालं, तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाव्हना-बिव्हना कुनी न्हवता, मुसळी त्यालाच पाहिजे व्हती. पयली बायको वांझ म्हनून त्यानं माहेरी हाकलली व्हती. दुसरी आनून चार सालं झालती, आता तिलाबी वांझ म्हनत व्हता. आधी मी खायचं, मला लागू पडलं की मग तो खानार. भाकरीत इख हाय का बघाय कुत्र्याला तुकडा टाकत्यात, तसा मी. उन्हाळा सरला तरी मला कायच लागू पडंना. त्याच रागानं रोहिनीत त्यानं माझ्या हातातली टोपली काढली.

त्या दिवशी घरी आल्यावर बायको म्हनली, "उद्या लोणावळ्याला चल." ती स्टेशनावर करवंदं, जांभळं इकाय जायाची. स्टेशनामागं एक म्हातारे डॉक्टर बसायचे, त्यांना ती वळखायची.

मी म्हनलं, "त्यांना काय सांगू?"

"कंबर दुखती म्हन. पुढचं मी सांगते."

आनि तिनं सांगितलं. सगळं. मी भिंतीकडं तोंड करून उभा व्हतो, वाटलं आता हसतील. डॉक्टर हसले न्हाईत. तिला बाहेर बसवलं, मला बाकावर पालथं निजवलं, टाचनी घेतली. बुडाला, मांडीच्या आतनं टोचत गेले. "टोचतंय?" "न्हाई." "इथं?" "न्हाई." मग इचारलं, "पहाटे जाग येते तेव्हा तरी ताठरता येते का? कधीतरी?" हे असलं कुनी इतक्या साध्या तोंडानं इचारू शकतं, मला ठावंच न्हवतं. खोकला-पडसं इचारावं तसं. मी म्हनलं, "पडलो तवापासनं एकदाबी न्हाई."

"मणक्याजवळची नस दबली आहे. पडलास त्याच दिवशी."

"आनि देव?"

"देव कशाला मधे येतोय? दगडावर पडलास तू."

मी मुसळीचं सांगितलं. ते म्हनले, "बंद कर. तिनं काही होत नाही. हा आजार आहे. कुणाला मार लागून होतो, कुणाला लघवीत साखर जाते म्हणून, कुणाला दारूनं, कुणाला नुसत्या धास्तीनं. त्यातले कितीतरी बरे होतात. तुझं होईल असं मी सांगणार नाही. खोटं बोलायचं नाही मला."

मी बाकावरनं उठलो. ते म्हनले, "पाय मोडला असता तर लपवलं असतंस?"

येताना वाट सगळी चढाची. निम्म्यात बायको दगडावर बसली आनि रडाय लागली. मी म्हनलं, "आता काय?" म्हनली, "वरीसभर मला वाटत व्हतं, कोपाचं नुसतं निमित्त हाय, तुला मीच नकोशी झाले. एकदा बोलला असतास तर!" तवा मला कळलं, मी माझी लाज झाकत बसलो आनि ही वरीसभर जळत व्हती. माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

पोटासाठी आवनीला, भात लावाय गेलो, कापनीलाबी गेलो पाटलाच्या. दिवाळी झाली. खळ्यावर झोडनी चालली व्हती. पाटील माझ्याजवळ आला, हळूच म्हनला, "कंद भरले असतील. औंदा जास्ती खन."

मी पेंढी खाली ठेवली. "न्हाई खननार."

"काय?"

"न्हाई खननार!" मोठ्यानं म्हनलो. झोडनी थांबली. समदे वळले.

पाटलाचं तोंड लालबुंद झालं. "माजलास व्हय रं, हिजड्या?"

कुनीतरी फिस्सकन हसलं. नेहमीचंच ते. पन ह्या येळी मी मान खाली घातली न्हाई. मी म्हनलं, "पाटील, माझं उठत न्हाई. व्हय. वाडीला इचारू नका, मीच सांगतो. तुमी मला देवराईत चढाय लावलं. त्या हिरड्यावरनं पडलो तवापासनं न्हाई उठत. नस दबली. पाप न्हाई, कोप न्हाई."

कोनच हसलं न्हाई. तेवढ्यात माझी बायको इळा कमरेला खोचून म्होरं आली. "आनि पाटील, तुमच्या दावनीचे चारी बैल खच्ची हायेत. त्यांनीच हे शेत नांगरलं. बेंदराला पुरनपोळी घालून त्यांच्या पाया पडता. मग हा भात आला कसा?"

एक म्हातारी खो-खो हसली. मग सगळं खळं हसलं. ह्या येळी पाटलाला. मी पाटलाच्या डोळ्यांत बघितलं. भ्यालेला. मी आता गोठ्यातलं सांगतो का काय, ह्याचीच त्याला भीती. एक वाक्य बोललो असतो तर त्याला गाव सोडावं लागलं असतं. जिभेवर आलं व्हतं. पन ते हसनं ऐकलं आनि मी थांबलो. तेच हसनं. काल माझ्यावर, आज त्याच्यावर. मला ते कुनाच्याच अंगावर सोडायचं न्हवतं. जवळ गेलो आनि त्याला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हनलो, "लोणावळ्याला स्टेशनामागं डॉक्टर हायेत. हसत न्हाईत. पाव्हन्याला सांगा."

मग आमी दोघं डोंगर चढलो. त्याच्या शेतात परत पाय ठेवला न्हाई. लोणावळ्याला खडी फोडली, पन न्हाई.

मला वाटलं, मी लय मोठं मन केलं.

पुढच्याच साली पाटलानं दुसरी बायको माहेरी हाकलली. वांझ म्हनून. पाटील डॉक्टरकडं गेलाच न्हाई, तिसरी आनली. ती दुसरी लोणावळ्याला गाडीची वाट बघत बसली व्हती, ट्रंकेवर, माझ्या बायकोच्या जांभळांच्या पाटीशेजारी. म्हनली, "माझ्यातच खोट हाय गं. समदे म्हनत्यात." बायकोनं घरी येऊन मला सांगितलं. खोट कुनात व्हती ते मला ठावं व्हतं. मी गप बसलो त्याची लाज राखाय, आनि त्याच्या लाजेचं वझं त्या बाईच्या डोक्यावर गेलं. खळ्यावर गप बसलेल्या ह्या जिभेची मला तवा जेवढी घान वाटली, तेवढी भगताच्या चरबीचीबी वाटली न्हवती.

तवापासनं मी गप बसत न्हाई. कुनाला हिनवाय म्हनून बोलत न्हाई, पन गप बसत न्हाई. कुठल्याबी वाडीत बाईला वांझ म्हनून काढाय पंच बसले की मी जातो. बोलवत न्हाईत, तरी जातो. मधे उभा राहतो आनि आधी माझं सांगतो. माझं उठत न्हाई, हिरड्यावरनं पडलो तवापासनं. मग नवऱ्याकडं बोट करून म्हनतो, आधी ह्याला डॉक्टरकडं न्या. पंच हसत्यात, शिव्या देत्यात, एकदा दगड मारला. हसा. मारा. ह्याला तपासल्याबिगार ती बाई उंबरा ओलांडनार न्हाई, आनि मी हितनं हालनार न्हाई.