ड्राइव्ह मोघे मार्ग

आमच्या रस्त्याचं नाव डॉ. मोघे मार्ग. नकाशावर ते इंग्रजीत 'Dr.' असं आहे, आणि रस्ता सांगणारी फोनमधली बाई त्या 'डॉक्टर'चा 'ड्राइव्ह' करते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या सुधाताई खळखळून हसल्या होत्या. डॉ. मोघे त्यांचे वडील.

हळूहळू रिक्षावाले तसंच म्हणू लागले, मग पार्सलवाले. ताई प्रत्येकाला थांबवून सांगायच्या, "अहो, डॉक्टर म्हणा. माणूस होते ते."

परवा दुपारी त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली. मी धावत गेले, तर ताई फोनवर अँब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होत्या. त्याला असा कुठला रस्ताच माहीत नव्हता. शेवटी ताई म्हणाल्या, "ड्राइव्ह. ड्राइव्ह मोघे मार्ग."

गाडी लगेच आली. काका वाचले.

फोनमधल्या त्या आवाजाला आपला राग नसतो, घाईही नसते. आपल्याला त्याची गरज पडेपर्यंत तो शांतपणे चुकीचं बोलत राहतो.

आज दारात आलेल्या पार्सलवाल्याने पुन्हा तेच नाव घेतलं. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी माझा हात दाबला.

"असू दे गं. अँब्युलन्स पुन्हा बोलवावी लागली तर?"