ते सोंग नव्हतं

मंडळी, दुपारी सोनगीरहून साखरपुडा आटोपून आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

तिथे भिकानाना भेटले, तमाशातले जुने सोंगाडे. त्यांच्या दारुड्याच्या सोंगावर गावंच्या गावं पोट धरून हसायची. आता ते धुळ्याला चर्चमध्ये जातात. येशूला मानू लागल्यापासून दारूला शिवलेले नाहीत.

पाहुण्यांनी हट्ट धरला, "नाना, एकदा दारुड्या होऊन जाऊ द्या."

नाना उठले. हात जोडून म्हणाले, "ते सोंग नव्हतं भो. तवय स्टेजवर मी खरंच पेयेल राहू. येशूनी माले उचली लिधं."

सगळा मांडव हसला. लोकांना तो नवा विनोद वाटला. नाना हात जोडून तसेच उभे.

फक्त शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत.

इतकी वर्षं आपण नेमकं कशाला हसत होतो?