गाभा

मशीनवरून उतरलेला कुठलाही जॉब हातात घेतला की काका आधी तो उजेडाकडे धरायचे, मग अंगठ्याने त्याची कड चाचपायचे. बिघडलेला असला तर त्यावर लाल ठिपका द्यायचे आणि म्हणायचे, "याला रिवर्क नाही." भोसरीच्या आमच्या वर्कशॉपात मालाची तपासणी त्यांच्याकडे होती. लाल ठिपका पडला की माल भंगारात जायचा.

हा माणूस डबा खाताना एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्यांबद्दल बोलेल, असं तुम्हाला वाटलं नसतं. आम्हालाही वाटलं नव्हतं. आधी ते चाकणला होते. तिथे एक फ्रेंच मशीन आलं, त्याची मॅन्युअलं वाचायला काका फ्रेंच शिकले. मशीन मोडीत निघालं, भाषा त्यांच्याकडे राहिली.

"त्यात शेवटी सगळे मरतात का हो, काका?" मी विचारायचो.

"मरत नाहीत. झिजतात," म्हणत ते भाकरी मोडायचे.

त्यातली एक कादंबरी त्यांनी अकरा वर्षं खपून मराठीत आणली, पाठकोऱ्या तपासणी-तक्त्यांवर. टाइप करायला मी घेतली. चाळिसाव्या पानावर त्यातली शिवणकाम करणारी बाई म्हणते, "माझा गाभा तुटला." मी मूळ शब्द विचारून मोबाइलवर पाहिला. आत्मा. काका तो मॅन्युअलातून शिकले होते, तिथे त्याचा अर्थ लोखंडी दोराच्या आतली मधली तार.

जेवणाच्या सुट्टीत मी ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं, आत्म्याची तार कशी झाली तेही सांगितलं.

"गाभा तुटला? मग केबल बदला ना, राव," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. काकाही हसले. मग हळूच म्हणाले, "गाभा आधी जातो. बाहेरून दोर चांगलाच दिसतो." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

"एक शब्द तर आहे, बदलून टाकू," मी म्हणालो.

"पानोपानी आहे तो. मी ड्रॉइंगच चुकीचं वाचलं," म्हणत त्यांनी गठ्ठा परत मागून घेतला.

मला वाटलं, घरी दुरुस्त करत असतील. काका वारल्यावर निगडीला भेटायला गेलो, तेव्हा काकूंना विचारलं.

"ते होय? त्याच आठवड्यात रद्दीत दिलं त्यांनी. वरच्या पानावर लाल ठिपका दिला होता." त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक उघडलं नाही, असंही त्या म्हणाल्या. एका हशासाठी हे माझ्या हातून झालं.

टाइप केलेली चाळीस पानं माझ्याकडे आहेत. पुढे त्या बाईचं काय होतं, मला ठाऊक नाही. कादंबरी इंग्रजीत मिळते म्हणे. मी घेतलेली नाही. त्यात तिला नुसता आत्मा असणार.