हुंदका कुठला, वाक्य कुठलं

माझ्या काकांनी आयुष्यात एकाच नाटकात काम केलं, तेही दुसऱ्या अंकापुरतं. बाकी सगळा जन्म टपालावर शिक्के मारण्यात गेला. तरी गल्लीत त्यांना ‘दुसरा अंक’ म्हणतात, ते उगाच नाही. दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगायचं असलं, तरी हे एक पाऊल पुढे टाकतात, हात छातीशी नेतात आणि मग तोंड उघडतात.

काकूंची नजर गेल्यापासून त्यांना वर्तमानपत्र काकाच वाचून दाखवायचे. वाचायचे कसले, प्रयोगच लावायचे. अपघाताला गहिवर, पुढाऱ्याच्या भाषणाला गडगडाट. बातमी संपेपर्यंत चहा गार.

“तुझ्या ऑफिसातलं ते बोलणारं यंत्र लवकर कर गं बाई,” काकू मला म्हणाल्या. “मला माझं माझं वाचायचंय. ह्यांच्याशिवाय.”

आम्ही लिहिलेलं मराठी मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम बनवत होतो. त्यासाठी एकाच माणसाने हजारो वाक्यं सपाट सुरात वाचायची असतात. मग त्या आवाजाचे बारीक तुकडे करून हवी ती नवी वाक्यं जोडता येतात. काका एकदा माझा विसरलेला डबा द्यायला आले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. बाहेर आले ते आमचा आवाज होऊनच.

“काका, सपाट वाचा. भाव नको.”

“भाव नको? मग मडकं बसवायचं होतंस माइकपुढे!”

‘दरवाजा डावीकडे उघडेल’ हे वाक्य त्यांनी असं वाचलं, जणू दरवाजामागे प्रेतच आहे. मी साहेबांकडे तक्रार नेली. साहेब नामांकित कॉलेजातले. हेडफोन लावण्याचे कष्ट कोण घेतो? त्यांनी पडद्यावरची आवाजाची रेघ पाहिली. “खरखर नाही, पातळी उत्तम. पास.” आमच्याकडे आवाज डोळ्यांनी तपासतात. सगळी वाक्यं अशीच पास झाली, त्यांचे तुकडे पडले आणि एका वाक्यातला हुंदका भलत्याच वाक्यात जाऊन बसला.

काकूंच्या फोनमध्ये प्रोग्रॅम मीच घातला. पहिली बातमी लागली. “शहरात मंगळवारी” गडगडाटात आलं, “पाणीपुरवठा” हसत हसत, आणि “बंद राहील” म्हणताना तर गळाच दाटून आला.

काकूंनी फोन हातभर लांब धरला. “अगं, हे तर हेच!”

काका दारात उभे होते, धन्य धन्य होऊन. “आता मी नसलो तरी तुझ्या सोबतीला आहे.”

“म्हणजे तेव्हाही सुटका नाही म्हणा की!” मग मला हळूच, “दुसरा आवाज नाही का गं?”

नव्हता. दुसऱ्या आवाजाची गरजच काय, असं साहेबांचं मत. माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं. मी काकूंचं बोट वेग वाढवायच्या बटणावर नेऊन ठेवलं.

पहिल्यांदा दाबलं, हुंदक्याची उचकी झाली. पुन्हा दाबलं, हसू गेलं. त्या दाबतच राहिल्या. शेवटी गहिवर नाही, गडगडाट नाही, कोरडे शब्द तेवढे टपाटप पडू लागले. मला ओ की ठो कळेना. नजर गेल्यापासून काकूंचे कान मात्र तयार झालेले; त्यांनी मान डोलावली.

“मंगळवारी पाणी नाही. पिंप भरून ठेवा.”

“हा माझा आवाजच नाही!” काका उखडले. “अशा घाईत कुणाला काय कळणार?”

“मला कळलं. लग्नापासून पहिल्यांदाच नुसतं मुद्द्याचं बोललात.”

काकांनी एक पाऊल पुढे टाकलं, हात छातीशी नेला. काकू पुढच्या बातमीवर गेल्या होत्या.