आधी बिनचिठ्ठीची बघायची

२०२५ साल, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शेणव्याला स्टँडसमोर दाढी करायला बसलो होतो. एका गालावरून वस्तरा फिरला होता, दुसऱ्या गालाला साबण, आणि फोन वाजला. माझा मुलगा प्रकाश. "बाबा... सविता गेली." न्हाव्याला म्हटलं, पुसून टाक. आमच्यात सुतकात वस्तरा लावत नाहीत, त्यामुळं पुढचे दहा दिवस मी तसाच, अर्धा भादरलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बसलो. सविता माझी सून. वय चौतीस. आठ महिने आजारी होती, तरी ती जाईल असं एकदाही मनात आलं नव्हतं. घरात आधी जायचा मान माझा, असंच धरून चाललो होतो.

ती मुरबाडकडली, टोकावड्याची. लग्न होऊन आली ती एक पेटी आणि एक कॉम्प्युटरची बॅग घेऊन. घरात फोनला रेंज मिळते ती फक्त पडवीच्या कोपऱ्यात, म्हणून तिनं तिथं टेबल मांडलं आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम सुरू केलं. मी चौथी शिकलेला. पण भातसानगरला धरणावर एकतीस वर्षं खलाशी, म्हणजे पाण्यावर नजर ठेवणारा कामगार, होतो, आणि पाण्याच्या पातळीच्या रजिस्टरातली माझ्या हातची नोंद एकाही साहेबानं कधी खोडली नाही. हे मी येईल त्याला सांगतो, तिलाही पहिल्याच आठवड्यात सांगितलं. दुसरी माझ्या अभिमानाची गोष्ट म्हणजे माझी वही. बारसं असो, लग्न असो, कुणाचे दिवस असोत, गावात दर चुलीमागं, म्हणजे वेगळं शिजवणाऱ्या दर घराला, एक बोलावणं द्यायची आमची रीत. बोलावणं आलं नाही तर शेजारचा माणूससुद्धा उंबरा चढत नाही. हे बोलावणं चाळीस वर्षं माझ्या वहीवरून जातं. पाड्याप्रमाणं पानं, घराप्रमाणं नावं. वही उघडायची गरजही पडत नाही मला, सगळं तोंडपाठ.

एकदा चहा घेताना मी विचारलं, "काय करतेस गो दिवसभर त्या डब्यात बघून?" ती म्हणाली, "यादी सांभाळते, बाबा." मी म्हटलं, "मंग माझ्याकडं शिक की!" ती खूप हसली, आणि खुर्ची ओढून मला समजावून सांगायला बसली. तिच्या कंपनीनं मोठी मोठी मशीनं भाड्यानं घेतली होती. ती कुठंतरी लांब, भाड्यानं देणाऱ्याच्या जागेत. त्यांना सर्व्हर म्हणतात. कधी वीस, सणासुदीला चाळीस, सण संपला की पुन्हा कमी. सगळ्यांवर एकच काम करायचं असलं, समजा कुलूप बदलायचं, तर एकेकाकडं जावं लागत नाही. एका जागेवरून हुकूम सोडला की सगळीकडं पोचतो. पण हुकूम कुणाकुणाला सोडायचा, त्याची यादी लागते. ती यादी तिच्या आधीच्या माणसानं हातानं लिहिलेली होती. मला ते बरं वाटलं. म्हटलं, आहेत अजून शहाणी माणसं.

पुढच्याच दिवाळीला घोटाळा झाला. घाईत कुणीतरी चार नवी मशीनं घेतली आणि यादीत लिहायची राहिली. हुकूम बाकी सगळ्यांना पोचला, या चौघांना नाही, आणि कंपनीचं काम अर्धा दिवस बंद. सविताला बोलणी बसली. ती जेवली नाही, पण रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. आठ दिवस पडवीतून उठली नाही, आणि मग मला बोलावलं. "बाबा, आता यादी लिहायचीच नाय. दर वेळी हुकूम सोडायच्या आधी भाड्यानं देणाऱ्यालाच विचारायचं, आज चालू किती, कुठली. तो सांगेल ती आजची यादी." विचारायला एक परवानगीची किल्ली लागते, ती तिनं यादीपासून लांब, वेगळी ठेवली होती. प्रत्येक मशीनला चिठ्ठी लावलेली असते, हे दुकानाचं, हे हिशेबाचं, हे नुसतं तपासणीचं, आणि चिठ्ठी बघून आपोआप ज्याच्या त्याच्या गटात. माझ्या वहीतल्या पाड्यांसारखं. मी म्हटलं, "म्हंजे तुला पाठ नाय म्हणून रोज दुसऱ्याला विचारतेस." ती म्हणाली, "आधीच्याला पाठ होतं, बाबा, म्हणून त्यानं विचारायची सोयच केली नाय. म्हणूनच चुकलं ना." मी विचारलं, "आन् चिठ्ठी लावायचीच कुणी विसरला तर?" ती म्हणाली, "कसं बरोबर पकडलंत! त्यांचा वेगळा गट केलाय मी. बिनचिठ्ठीची. रोज सकाळी आधी तीच बघते, कुणाची हायेत विचारते." सुनेनं शाबासकी दिलेली मला आवडली, पण तसं दाखवलं नाही.

मग नातीचं बारसं आलं. बाळंतपणात सविताला आणि पोरीला न्हाऊमाखू घालायला गावातली पार्वती यायची. पार्वती म्हणजे गावातल्याच दामूची बहीण, नवऱ्याकडून परत आलेली, भावाच्याच वाडीत कडेला खोपटं करून राहते. बारशाचं बोलावणं अर्थात मी दिलं. पाळणा हलायची वेळ झाली आणि सविता बायकांत शोधायला लागली. "बाबा, पार्वती आत्या दिसत नायत?"

"दामूला सांगितलंय. ती त्यातच आली."

"त्यांची चूल वेगळी हाय. चार वरसं झाली."

"वहीत नाय."

"वहीत नाय म्हणून माणूसच नाय?"

भरल्या घरात विचारलं तिनं. चाळीस वर्षांत माझ्या वहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते माझ्याच सुनेनं. मी पाहुण्यांसमोरून उठून मागच्या दारी गेलो. पाळणा झाल्यावर ती पोरीला छातीशी धरून, ताट झाकून, स्वतः पार्वतीच्या खोपटात जाऊन आली. मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. ती मात्र रोज चहाचा कप माझ्याजवळ ठेवायची आणि म्हणायची, "अबोला माझ्याशी धरा, चहाशी नको." महिना सरला, बोलायला लागलो, पण ती वही मी उघडली नाही. चूक कळली नव्हती असं नाही. बारशाच्या दिवशीच कळली होती. पण सुनेच्या सांगण्यावरून पेन उचलायचं माझ्या हाताला जमेना.

शेवटचं तिला दवाखान्यात नेलं तेव्हा गाडी अंगणात उभी होती. तिला धरून बसवलं. काच खाली करून ती म्हणाली, "बाबा, आत्यांचं नाव घातलंत काय?" हसतच म्हणाली. मी म्हटलं, "बघू." ...आमचं शेवटचं बोलणं ते. हो म्हणायला काय लागत होतं मला?

दहाव्याला नदीवर दाढी-डोई झाली. संध्याकाळी दिवा लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच गावात बाराव्याचं बोलावणं द्यायला निघायचं होतं. एवढ्यात सविताच्या फोनवर पुण्याहून तिच्याबरोबर काम करणाऱ्या नेहाचा फोन आला. प्रकाशनं फोन तसाच माझ्याकडं दिला. ती पोर म्हणाली, "काका, आज तिचं कंपनीतलं कामाचं खातं बंद करावं लागलं. मला फार वाईट वाटलं. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं, आज आम्ही सहा नवीन मशीन घेतल्या, कुणी कुठं लिहिल्या नाहीत, तरी यादीत आल्या. तिनं करून ठेवलंय ते चालू आहे." मी विचारलं, "आन् बिनचिठ्ठीची?" ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत? एक होती सहातली. यादीच्या वर तिनं आमच्यासाठी ओळ लिहून ठेवलीय, रोज सकाळी आधी बिनचिठ्ठीची बघायची."

मी वही काढली. दामूचं पान काढलं. त्याच्या नावाखाली बोटभर जागा होती. पेन टेकवलं, आणि थांबलो. पार्वतीचं नाव घातलं की वही पुन्हा बरोबर, मी पुन्हा मोकळा... आणि ज्यांना मी ओळखतच नाही, त्यांचं काय? सवितानं ती चार राहिलेली मशीनं जुन्या यादीत लिहून काम भागवलं नव्हतं. लिहिणं जमत असून तिनं विचारायला सुरुवात केली होती. चाळीस वर्षं मी बसल्या जागी गाव सांगत होतो, आणि चाळीस वर्षांत कुठल्याच दारात उभा राहून विचारलं नव्हतं, की हितं कोण राहतं. तिनं माझ्यावर रागवायला हवं होतं ते याच्यासाठी, आणि ती तर रागावलीही नव्हती.

पडवीत तिचं टेबल अजून तिथंच आहे. खुर्चीवर तिनं शिवलेल्या गोधडीची घडी, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. तिथं कुणी बसत नाही. नातीला तेवढं कळतं, ती येते, डागावर बोट फिरवते आणि जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच अंघोळ केली, टोपी घातली, वही त्या टेबलावर ठेवली आणि मोकळ्या हातानं निघालो. पहिलं घर धरलं ते पार्वतीचं. ती चुलीत फुंकत होती. मला दारात बघून पदर सावरत उठली, आधी माझ्या हाताकडं बघितलं.

"वही नाय आणली, दादा?"

"नाय. विचारायला आलोय. सविताचं बारावं हाय. हितं कोण कोण असतं?"

"मी हाय," ती म्हणाली. डोळे पुसले. मग मागं बोट दाखवून हळूच म्हणाली, "आन् परसात दिवाळीपासून एक जोडपं राहातंय, विटांच्या कामाला आलेलं. त्यांची पण चूल हाय. त्यांना कुणी सांगत नाय."

मी दारातून वळलो, आणि आम्ही दोघं परसात गेलो.