मागच्या चाकाचा कॅम

माझे वडील तेहतीस वर्षं लाल बसच्या डेपोत ब्रेकचं काम करत होते, आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर असूनही आयुष्यात एक ब्रेक उघडून पाहिलेला नाही. ते अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्याकडे पहिल्यांदा सहा महिने राहायला आले, तेव्हा मी नुसता थकलेला होतो. कशाने, ते विचारू नका. सकाळी पुण्याच्या टीमबरोबर कॉल, मग दिवसभर इथल्यांबरोबर कॉल, आणि ग्रीन कार्डची फाइल वर्षानुवर्षं कुठल्यातरी रांगेत. नवीन काही अंगावर घ्यायची ताकद उरली नव्हती, एवढं खरं.

आठ वर्षांच्या मुलीला स्कूल बसमध्ये बसवायचं काम बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून काढून घेतलं. स्टॉप घरासमोरच होता. मला बरंच वाटलं. पुढे एका सकाळी ते परत आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "या बसचा मागचा ब्रेक सुटत नाहीये. फुटपाथच्या बाजूचा."

मी कॉलवर होतो. माइक बंद करून विचारलं, "म्हणजे?"

"लायनर जळल्याचा वास येतो. गाडी हलताना चाक अडून बसतं, मग निघतं."

दुपारी जेवताना त्यांनी टेबलावर दोन वाट्या जवळजवळ ठेवल्या आणि मधल्या फटीत चमच्याचा दांडा उभा धरला. "या वाट्या म्हणजे ब्रेक शू. हा मधला कॅम, इंग्रजी एससारखा असतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की हवेच्या जोराने हा फिरतो." त्यांनी दांडा फिरवला, वाट्या लांब सरकल्या. "शू चाकाच्या ड्रमला आतून घासले, गाडी थांबली. आता पेडल सोडलं." दांडा परत फिरवला. वाट्या होत्या तिथेच राहिल्या. "बघ. कॅमला फक्त ढकलता येतं. शू मागे ओढायचे ते स्प्रिंगने. पण कॅमच गंजून अडकला तर स्प्रिंग बिचारी काय करणार? मग ब्रेक लागलेलाच राहतो, ड्रम तापत जातो." मग मला कंटाळा आलाय हे न बघता म्हणाले, "इंजिनातही तेच. तिथला कॅम अंड्यासारखा. व्हॉल्व्ह उघडून देतो, मिटायला स्प्रिंगच लागते."

कॅम मला कॉलेजात होता की! त्याच्या चार ड्रॉइंग शीट्स होत्या. चारही मी जीटी मारलेल्या, म्हणजे काचेखाली ट्यूबलाइट लावायची, सीनियरची शीट काचेवर, तिच्यावर आपला कागद, आणि गिरवत सुटायचं. मार्क उत्तम पडले. कॅम करतो काय, हे त्या दिवशी वाट्या बघून कळलं आणि मला उगाचच बाबांचा राग आला.

"तू उद्या त्या ड्रायव्हरबाईंना सांग," बाबा म्हणाले. "मला इंग्रजी जमत नाही. पोरगी बसते त्यात."

"बाबा, इथे सगळं इन्स्पेक्शन होतं. आपण कशाला नाक खुपसायचं?"

पंधरा वर्षांत मी या देशात एक गोष्ट पक्की शिकलो होतो. तक्रार करायची नाही. शेजाऱ्याचा कुत्रा, इन्शुरन्सवाल्यांची चूक, मीटिंगमध्ये दरवेळी आपल्या नावाचा होणारा चुथडा, सगळं हसून गिळायचं. आमच्यातले बहुतेक जण हेच करतात. कागद हातात पडले की बोलू, म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आज वास जास्त आहे."

"शाळेला ईमेल टाकतो," मी म्हणालो. टाकायला बसलोही. 'आपल्याला त्रास देतोय, क्षमस्व' एवढं इंग्रजीत लिहिलं, पुढे काय लिहावं सुचेना, आणि लॅपटॉपवर दुसरं काहीतरी उघडलं.

तिसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत कॉलवर होतो. खिडकीतून खाली बस दिसली. मुलगी आत चढली, पण दार मिटेना. बाबा पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. स्वेटर, मफलर, पायात मोजे आणि चप्पल. दोन्ही हातांचे तळवे जोडून ते उघडत होते, मिटत होते, आणि मिटताना मधेच थांबवत होते. पांढऱ्या केसांच्या ड्रायव्हरबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग खाली उतरल्या, मागे गेल्या, चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. पाच मिनिटांत सगळी मुलं आमच्या लॉनवर बसली होती आणि त्या रेडिओवर बोलत होत्या.

माझ्या मनात पहिला विचार मुलीचा आला नाही. आता पोलिस येणार, बाबांचे कागद मागणार, नसती उठाठेव करून ठेवली यांनी, हा आला. लिहिताना लाज वाटते, पण हे असंच झालं. तेवढ्यात कॉलवर कुणीतरी माझं नाव घेतलं, आणि मी खिडकीकडे पाठ करून काल काय केलं, आज काय करणार ते सगळं व्यवस्थित सांगितलं. खाली गेलो तेव्हा दुसरी बस मुलांना घेऊन निघून गेली होती.

बाबा घरात आले, चहा पिऊन पेपर वाचत बसले, मोबाइलवर, चष्मा कपाळावर चढवून.

संध्याकाळी जेवताना मुलीचं तोंड थांबत नव्हतं. "डॅड, द ड्रायव्हर सेड इट कुड हॅव कॉट फायर! विथ अस इन इट!" बाबा वरणभात कालवत होते. मी मान खाली घातली. आता ती विचारणार, तुला माहीत होतं का, आणि मला हो म्हणावं लागणार.

"अँड आजोबा सेज यू टोल्ड हिम टू गो टॉक टू हर."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हो तर," ते तिला म्हणाले. "तुझ्या डॅडनेच पाठवलं मला. मला म्हाताऱ्याला इथलं काय कळतंय?"

ती खुर्चीवरून उतरून आली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "थँक यू, डॅड."

बाबांनी वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"यू आर वेलकम," मी म्हणालो.